कॉमिक वाचून डोळ्यात पाणी येतं का? चटका लावून गेलेले सिनेमे आणि चित्रकथा सांगा

बर्डीचा_वाचक

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांब आहे पण डोक्यात घोळून राहिला आहे म्हणून इथे टाकतो. माझा मावसभाऊ नववीत आहे, सिनेमाचा जबरदस्त नाद. परवा जेवताना म्हणे, दादा, सिनेमात रडू येतं ते म्युझिकमुळे, म्युझिक काढून टाक मग पाहा कोणी रडतं का, आणि कॉमिकमध्ये तर म्युझिक नाही, आवाज नाही, माणूस जागचा हलत नाही, मग त्यात कोणाला काय होणार.

मला लगेच 'माउस' आठवलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आर्ट स्पीगलमन हा अमेरिकन चित्रकार, त्याने आपल्या म्हाताऱ्या वडिलांना समोर बसवून नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतल्या आठवणी विचारल्या आणि त्याची चित्रकथा केली. ज्यू माणसं उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. आता उंदरांची चित्रं म्हटल्यावर काय वाटणार असं मलाही कोणी विचारलं असतं, पण शेवटच्या पानावर म्हातारा पलंगावर पडल्या पडल्या मुलाला म्हणतो की आता बोलून थकलो, आणि हाक मारतो ती 'रिश्यू' म्हणून. रिश्यू म्हणजे आर्टचा मोठा भाऊ, आर्टच्या जन्माआधीच युद्धात गेलेला. ज्या मावशीकडे त्याला ठेवला होता तिने नाझींच्या हाती लागू नये म्हणून पोरांना विष दिलं आणि स्वतःही घेतलं. म्हाताऱ्याला कळतही नाही की आपण कोणाचं नाव घेतलं. आर्ट पण ते नाव दुरुस्त करत नाही, बाजूला एक ओळ लिहून समजावत नाही, खाली फक्त आईवडिलांच्या थडग्याचं चित्र. मी पुस्तक बंद करून बराच वेळ तसाच बसून होतो.

हे सगळं त्या पोराला सांगितलं तर म्हणतो ठीक आहे पण का झालं तुला असं? ते काही मला नीट सांगता येईना. तर तुम्हाला अशी आतपर्यंत गेलेली गोष्ट कोणती, सिनेमा असो की कॉमिक, आणि नेमका कोणता प्रसंग, आणि का? नुसती नावं नको, प्रसंग सांगा ना.

धंतोलीकर

वाचक भाऊ, छान विषय काढला. मावसभावाचं अर्धं खरं आहे, संगीताची ताकद असतेच, पण त्याला 'पथेर पांचाली' दाखवा (१९५५, सत्यजित राय). हरिहर किती तरी महिन्यांनी घरी येतो, वादळाने घर पडलेलं, तो एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो आणि मग लेकीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी काढतो. दुर्गा गेली आहे. त्याला माहीत नाही, तिला माहीत आहे, आणि आपल्यालाही माहीत आहे. सर्बजया ती साडी तोंडाशी धरते, तोंड उघडतं आणि तिच्या रडण्याचा आवाजच येत नाही, त्या जागी तारशहनाई वाजते. संगीत रविशंकरांचं. म्हणजे इथे संगीत आहे आणि भरपूर आहे, पण आपला घसा दाटतो तो त्याच्या आधी, हरिहर सामान काढून राहिला असतो तेव्हाच. तिथे आपल्याला असं वाटतं की हा माणूस असाच सामान दाखवत राहो, त्या साडीपर्यंत याचा हात पोचूच नये.

माझ्या पाहण्यात असं आलं आहे की अशा बहुतेक प्रसंगांत एकाला काहीतरी माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, आणि आपण दोघांच्या मधे उभे असतो. कोणाला सांगू शकत नाही, काही थांबवू शकत नाही. तुमच्या 'माउस'मध्ये पण तेच झालं आहे, आपल्याला नाव ऐकू येतं, म्हणणाऱ्याला नाही.

आणि यासाठी बंगालला जायची पण गरज नाही, आपल्या विदर्भातल्याच गावात घडणारा 'नाळ' घ्या, २०१८ चा. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, तेच ज्यांनी 'सैराट'चा कॅमेरा केला होता. चैत्याला मामा सांगून जातो की ही तुझी खरी आई नाही. पोरगं हे घरात कोणालाच बोलत नाही, मनात ठेवतं आणि तेव्हापासून आईची प्रत्येक गोष्ट तपासत फिरतं, ही मला आधी वाढते का, ही माझ्याशी अशी काहून बोलली. आणि त्या बाईला पत्ताच नाही की पोराच्या मनात काय चालू आहे, ती आपली रोजच्यासारखी माया करून राहिली आहे. श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यासाठी आणि अगदी योग्य मिळाला. त्यात कोणी धाय मोकलून रडत नाही पण मी थिएटरमध्ये माझ्या आईच्या बाजूला बसून तो पाहिला आणि मला तिच्याकडे पाहवेना.

हिंगणा_एक्सप्रेस

धंतोलीकर काका तुमचा मुद्दा वाचला आणि डोक्यात एकदम 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' आलं. जपानी अ‍ॅनिमेशन आहे, स्टुडिओ जिब्ली, १९८८, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. लोकांना वाटतं कार्टून म्हणजे लहान पोरांचं. कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई भाजून मरते, मोठा भाऊ सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको उरतात. तो तिच्यापासून आई गेल्याचं लपवून ठेवतो, आई दवाखान्यात आहे, बरी झाली की जाऊ असं सांगत राहतो. मग दोघं एका तळ्याकाठच्या गुहेत राहायला जातात, रात्री उजेडासाठी काजवे पकडून मच्छरदाणीत सोडतात. सकाळी काजवे मेलेले. सेत्सुको खड्डा खणून ते पुरते आणि पुरता पुरता सांगते की आईपण अशीच थडग्यात आहे, मला काकूने सांगितलं. म्हणजे तिला आधीच माहीत होतं!! इतके दिवस तो लपवत होता आणि ही चार वर्षांची पोर माहीत असून गप्प होती. मग ती विचारते की काजवे इतक्या लवकर काहून मरतात. तिथे तो पहिल्यांदा रडतो आणि मी पण.

आणि या सिनेमात शेवट लपवलेलाच नाही हे मला लय मोठं वाटतं. सुरुवातीलाच सेइता सांगतो की २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मी मेलो. म्हणजे पुढे काय होणार ही उत्सुकता पहिल्याच मिनिटाला संपते, तरी आपण पूर्ण वेळ आशा धरून बसतो की कोणीतरी यांना भात देईल. ज्या कथेवरून हा सिनेमा आहे ती अकियुकी नोसाका यांनी १९६७ साली लिहिली, त्यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धात उपासमारीने गेली होती आणि ते वाचले होते. कथेत मात्र त्यांनी भावालाही जिवंत ठेवलं नाही. हे कळल्यापासून मला तो सिनेमा परत लावायची हिंमत झाली नाही.

कॉमिकमध्ये म्हणाल तर 'बेअरफूट गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली दबून जळून गेले, आणि आईची त्याच दिवशी डिलिव्हरी झाली. पुढे १९६६ साली आई गेली तेव्हा दहनानंतर हाडंच सापडली नाहीत, नुसती राख, किरणोत्सर्गाने हाडं पण खाऊन टाकली होती. या रागातून ते बॉम्बवर चित्रं काढायला लागले आणि १९७३ पासून 'गेन' एका मुलांच्या साप्ताहिकात छापून यायला लागलं. मुलांच्या!! चित्रं अगदी गोल गोल डोळ्यांची, हसरी, आणि त्याच चेहऱ्यांचं पुढे जे होतं ते पाहवत नाही. तुमच्या मावसभावाला म्हणा याला म्युझिक लावून दाखव कोणतं लावतो ते.

महालची_सूनबाई

सगळ्यांचं वाचलं, आवडलं, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. वर सगळ्यांच्या बोलण्यात असा सूर आहे की न रडता रडवलं तर ते भारी आणि जिथे सगळे ओक्साबोक्शी रडतात ते थोडं कमी दर्जाचं. मला हे पटत नाही.

आमच्या आईने 'माहेरची साडी' १९९१ साली बर्डीच्या टॉकीजमध्ये पाहिला, शेजारच्या सगळ्या बाया मिळून गेल्या होत्या. ती सांगते की पूर्ण बाल्कनी रडत होती, एकमेकींना न ओळखणाऱ्या बाया एकमेकींना पाण्याची बाटली देत होत्या. अलका कुबल पडद्यावर जे सोसत होती ते त्यातल्या कित्येकींच्या घरी चालू होतं आणि घरी रडायची सोय नव्हती हो. माहेरी सांगायचं तर वडिलांच्या जिवाला घोर, सासरी तर बोलायलाच नको. तीन तास अंधारात बसून मोकळं व्हायला मिळालं. त्या सिनेमात कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाही हा प्रश्नच नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि तरी ते आतपर्यंत गेलं. समीक्षक काहीही म्हणोत, इतक्या बायांना ज्याने धीर दिला त्याला मी हलकं म्हणणार नाही.

'श्यामची आई' पण तसाच. अत्र्यांचा, १९५३ चा, आपल्या देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. त्यात आई रागावते, रडते, शिकवण देते, सगळं उघड उघड आहे. आणि त्यानंतर मराठीला तो मान परत मिळायला पन्नास वर्षं लागली, तो 'श्वास'ला. तो बघा पूर्ण उलटा, एकदम शांत. नातवाच्या डोळ्यात कॅन्सर, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, ऑपरेशन लांबतं आणि आजोबा कोणालाही न सांगता त्याला दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, दिसतं आहे तोवर जग दाखवायला. मी दोन्ही सिनेमांना सारखीच रडते. एक मोठ्याने, एक गपचूप, पण दोन्हीत काहीतरी सुटतं. माझं म्हणणं इतकंच की माणूस कोणासोबत बसून पाहून राहिला आहे हे पण मोजा. एकट्याने मोबाईलवर पाहिलेलं आणि चारशे माणसांत पाहिलेलं सारखं नसतं.

आठवा_मैल

ताईंशी सहमत. आणि नागपूरच्या लोकांनी 'झुंड'चं नाव नाही घेतलं अजून? विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजला शिकवायचे, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यांच्यावर आहे, नागराज मंजुळे, २०२२. पोट्टे सगळे इथलेच. सर पोरांना घरी बसवून विचारतात की तुमचं सांगा, आणि एकेक जण आपली कहाणी सांगायला लागतो, ती पोरं अ‍ॅक्टिंग करून राहिली आहेत असं वाटतच नाही. आमच्या वस्तीतली अर्धी पोरं तो सीन पाहून चूप झाली होती कारण त्यांना असं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त लागलेला सीन 'फँड्री'तला. जब्याचं कुटुंब डुकरं पकडून राहिलं आहे, हाताशी आलं आहे डुक्कर, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. काय बोलावं. मग पकडलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीसमोरून नेतात आणि भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र. एक शब्द नाही कोणाच्या तोंडी. आणि शेवटचा दगड तर सरळ आपल्यावर येतो. त्या दिवशी रडू नाही आलं मला, दुसरंच काहीतरी झालं, कानशिलं तापली. त्याला पण हेलावणंच म्हणायचं ना?

चित्रकला_मास्तर

शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून कॉमिकच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो, तो पुढे गेला की तुम्हाला जावं लागतं. चित्रकथेत वेळ वाचणाऱ्याच्या हातात. एखाद्या चित्रावर तुम्ही पाहिजे तितका वेळ थांबू शकता, पान मागे उलटून पाहू शकता, आणि दोन चौकटींच्या मधली जी पांढरी पट्टी असते तिथे काय झालं ते तुम्हीच मनात घडवता. १९७३ सालचा 'स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक घ्या. त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडते, तो जाळं फेकून तिचे पाय पकडतो, तिला वाचवलं म्हणून खूश होतो. पण त्या चित्रात तिच्या मानेजवळ बारीक अक्षरात एक आवाज लिहिला आहे, कट्कन मोडल्याचा. तो पहिल्या वाचनात निसटूनही जातो. मग ती गेल्याचं कळल्यावर आपण पान मागे घेतो आणि ती अक्षरं दिसतात, आणि मग मनात येतं की याने वाचवायला जे केलं त्यानेच ती गेली की काय. धंतोलीकर म्हणतात तेच, फक्त इथे वाचणाराच न कळणाऱ्यातून कळणाऱ्यात जातो आणि तेही स्वतःच्या हाताने पान उलटून. सिनेमात हे असं जमत नाही.

आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या 'भीमायन' या चित्रकथेचं नाव नागपूरच्या चर्चेत यायलाच पाहिजे. २०११ साली आलं, नवयान प्रकाशन. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड या आदिवासी कलेतली, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. त्या दोघा चित्रकारांनी आधीच सांगितलं की आम्ही माणसांना चौकटीत कोंबणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. म्हणून त्यात डब्बे नाहीत, गोंड नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात. आणि बोलण्याचे फुगे पाहा, ज्याचं बोलणं विषारी त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि प्रेमळ माणसाचा फुगा पाखराच्या आकाराचा. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, सहावीतला पोरगा पण नांगी पाहून म्हणतो, सर हा माणूस वाईट बोलून राहिला.

त्यातला मसूरचा प्रवास. १९०१ साल, भीमराव लहान, भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेले. नवे कपडे, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास, पोरं अगदी आनंदात. स्टेशनवर उतरतात, न्यायला कोणीच नाही. वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं, शिपायाने दिलं नाही, पण पोरांना हे काय माहीत, ती वाट पाहत बसलेली. स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो, जात कळली की पाच पावलं मागे. बैलगाडीवाला दुप्पट पैशात तयार होतो पण गाडी तुम्हीच हाका म्हणतो. आणि रात्रभर डबा सोबत आहे, जेवण भरपूर आहे, पण पाणी द्यायला कोणी तयार नाही. भरलेला डबा समोर ठेवून उपाशी झोपलेली पोरं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. आठवा_मैल यांनी कानशिलं तापल्याचं लिहिलं, माझ्या वर्गात हे पान दाखवल्यावर अगदी तसंच होतं, आधी पोरं चूप आणि मग एखादा रागाने विचारतो की मग कोणीच पाणी दिलं नाही का सर.

बर्डीचा_वाचक

काय एकेक लिहिलं आहे मंडळी. रात्री मावसभावाला सगळं वाचून दाखवलं. स्पायडरमॅनवर एकदम उठून बसला कारण तो प्रसंग त्याने सिनेमात पाहिला होता, कॉमिकमध्ये तो आवाज अक्षरांत असा लपवून ठेवला आहे हे त्याला माहीत नव्हतं.

एक विचारायचं होतं, ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज नववीच्या पोराला दाखवावा का? घरी दोन मतं आहेत. मावशी म्हणते नको, त्याची आजी आत्ताच गेली.

हिंगणा_एक्सप्रेस

दाखवा पण एकट्याला मोबाईलवर नको, आणि थांबवायचा म्हणाला तर थांबवा. मी बारावीत एकटीने पाहिला, बाजूला बोलायला कोणी नव्हतं, फार जड गेलं. जपानमध्ये हा 'माय नेबर टोटोरो'सोबत एकाच तिकिटात लागला होता, एकाच दिवशी दोन्ही. टोटोरो किती गोड आहे माहीत आहे ना. तुम्ही पण तसंच करा, आधी हा आणि मग टोटोरो.

धंतोलीकर

मी मावशीच्या बाजूने. घरात आत्ता दुःख झालं आहे तर थोडं थांबा, सिनेमा कुठे पळून चालला आहे. 'नाळ' पासून सुरू करा. आणि सूनबाई, तुमचं बाल्कनीचं वाचून मी दिवसभर विचार केला. माहीत असणं-नसणं हे मी गोष्टीच्या आतलंच पाहत होतो. तुम्ही बाहेर बसलेल्या माणसांचं सांगितलं, त्या बायांना एकमेकींचं घरचं माहीत नव्हतं आणि त्या अंधारात कळलं. यावर अजून बोलायला पाहिजे.

महालची_सूनबाई

काका, बोलूच. मास्तर, मला एक विचारायचं होतं. आमच्या आईला हे भीमायन दाखवायचं आहे, दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते ती, पुस्तकांच्या स्टॉलवर तासन्‌तास फिरते, पण इंग्रजी येत नाही तिला. नुसत्या चित्रांवरून कळेल का?

चित्रकला_मास्तर

बरंचसं कळेल ताई. मसूरची हकीकत त्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलीच असणार, त्यामुळे त्यांना चित्र ओळखीचं वाटेल. तरी तुम्ही बाजूला बसा आणि मराठीत सांगत सांगत पानं उलटा, घाई करू नका. आगगाडी आहे ना त्यात, ती सापासारखी काढली आहे, तिथे थोडं थांबा आणि आधी आईंना विचारा की हे काय दिसतं. माझ्याकडे एक प्रत आहे, रविवारी महालात येणं होणार आहे, सांगा कुठे आणून देऊ.